तारेचे मोल

गेल्या चवथीला माझा भाचा मस्कतहून आला, तेव्हा माझ्यासाठी एक चपटी काळी पेटी घेऊन आला. आत मखमलीच्या खाचेत दोन केबली बसवलेल्या होत्या. रेशमी वेष्टणाच्या, अंगठ्याएवढ्या जाड, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेल्या. अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी ही तार. किंमत त्याने सांगितली नाही, पण पावती पेटीतच राहून गेली होती. रियालांचे रुपये करून पाहिले, तो आकडा चाळीस हजारांपुढे गेला. सेवानिवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलेला माझा अॅम्प्लिफायरदेखील एवढ्याचा नव्हता.

जुनी तार विजेच्या सामानाच्या दुकानातून मीटरवर आणलेली होती. त्याच रात्री ती काढून मी ही नवी जोडली. वाकून, चाचपडत, चष्मा सावरत सगळे करायला पाऊण तास गेला. मग केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची सीडी लावली. खोटे कशाला सांगू, आवाज उजळल्यासारखा वाटला. तान अधिक टोकदार आणि डावीकडचा तंबोरा अधिक भरलेला भासला.

"मामा, फरक जाणवतो?" भाच्याने विचारले.

"जाणवतो म्हणजे काय! मधला पडदाच कुणी सरकवला बघ."

पुढचे चार दिवस दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला मी मखरासमोरून उठवून या केबलपुढे बसवत होतो. सौभाग्यवती एकदाच म्हणाली, "अहो, तुम्ही केसरबाई ऐकता की पावती?"

तारेवरची श्रद्धा मुळात आमच्या घराण्यातलीच. डिचोलीच्या घरी माझ्या लहानपणी बाबांचा वाल्वचा रेडिओ होता. त्याची तांब्याची एरियल छपरापासून माडापर्यंत ताणलेली असे. अर्थची तार तुळशीजवळच्या ओल्या मातीत पुरलेली, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी घालण्याचे काम माझे. एरियल वाऱ्याने तुटली की आकाशवाणीचे मुंबई केंद्र खरखरीत बुडून जाई. ती पुन्हा ताणली की नाट्यसंगीत परत येई. तार चांगली तर गाणे चांगले, हे मी पुस्तकात वाचलेले नव्हते, डोळ्यांनी पाहिलेले होते. परंतु ती तार आकाशातला अतिशय क्षीण संदेश पकडीत होती. स्पीकरच्या तारेला असले काही करायचे नसते. अॅम्प्लिफायरने भरभक्कम करून दिलेला प्रवाह तिने चार मीटर पलीकडे पोचवायचा, एवढेच.

सौभाग्यवतीचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. उभी हयात मी सरकारी फायलींवर काढली. तीन दरपत्रके आल्याशिवाय साधी खुर्ची मंजूर केली नाही आणि तपासणीवाचून शेरा मारणाऱ्या हाताखालच्या माणसांना बोल लावले. इथे तर मी तपासणीवाचूनच शेरा मारून बसलो होतो. भाचा मस्कतला परतल्यावर कागद घेऊन हिशेब मांडला. माझी जुनी तार अडीच चौरस मिलिमीटरची. जाण्या-येण्याचे मिळून आठ मीटर तांबे, त्याचा रोध सुमारे अर्धा दशांश ओहम. स्पीकरचा आठ ओहम. एवढ्याने आवाज किती घटावा? एक डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. गाणे ऐकताना एवढा फरक कोणत्याही कानाला कळणारा नाही. तार केसासारखी बारीक असती किंवा देवळाच्या मंडपात नेतात तशी लांबच लांब न्यायची असती, तर गोष्ट निराळी. मग तांबे जाड लागतेच. पण जाड म्हणजे महाग नव्हे.

तरीही मी ऐकले होते, त्याचे काय?

एका रविवारी आम्ही परीक्षा घेतली. दोन्ही तारांना सारख्याच पिना लावल्या. अॅम्प्लिफायरपुढे चादर टांगली. आत सौभाग्यवतीने रुपया उडवायचा आणि छापा पडला तर नवी, काटा पडला तर जुनी तार जोडायची. तिच्या वहीत तिची नोंद, माझ्या वहीत माझी. वीस वेळा तीच भैरवी. वीसपैकी अकरा उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून नुसते 'नवी, जुनी' म्हणत गेलो असतो, तरी दहाच्या आसपास आलीच असती.

तार बदलायला अर्धे मिनिट लागते, तेवढ्यात कानाची आठवण पुसते, असा एक आक्षेप घेतात. तो रास्तही आहे. पण पहिल्या रात्री मला पाऊण तास लागला होता, आणि तेव्हा माझी आठवण अगदी शाबूत होती!

अमेरिकेतील जेम्स रँडी या जादूगाराने 2007 साली अशीच एक पैज लावली होती. सव्वासात हजार डॉलरांची स्पीकर केबल आणि साधी केबल न पाहता ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा, असे त्याचे आव्हान. ती परीक्षा अखेर झालीच नाही. आमच्या घरातली झाली, आणि तीही रुपयाच्या खर्चाविना.

वही मिटताना मात्र माझे लक्ष जुन्या तारेच्या कापून टाकलेल्या टोकांकडे गेले. पिना लावण्यासाठी मी ती कापून ताजे तांबे उघडे केले होते. कापलेल्या तुकड्यांवर हिरवा कळंक चढलेला होता, आपल्याकडे पावसाळ्यात पूजेच्या ताम्हनाला चढतो तसाच. तेव्हा आठवले, गेले वर्षभर डावा स्पीकर मधूनच कुरकुरत असे आणि दबे. म्हणजे पहिल्या रात्री मला भास झाला होता असे नव्हे. डावा तंबोरा खरोखरच सुधारला होता, पण तो जुने सांधे सुटून नवे स्वच्छ सांधे जुळल्यामुळे. सोन्याला कळंक चढत नाही, एवढा त्या केबलचा गुण मी मान्य करतो. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली, ती तबकडीसुद्धा सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याचीच. सोने तिथे टिकाऊपणासाठी होते. त्याने सूर गोड होणार नव्हता. केसरबाई त्याच वर्षी निवर्तल्या.

आणखी एक गोष्ट या उद्योगात कळली आणि ती मात्र मनाला लागली. कानाच्या डॉक्टरांनी माझा आलेख काढला. चार हजार कंपनांच्या पुढे त्याची रेघ डोंगरउतारासारखी खाली गेली आहे. या वयात असे होतेच, म्हणाले. तरुणपणी कला अकादमीतल्या मैफलींत तंबोऱ्याच्या जव्हारीतून जे झिरपताना ऐकले, त्यातले काही आता कोणत्याच तारेने माझ्यापर्यंत पोचणार नाही. केसरबाईंच्या त्या तबकड्यांत फार उंच कंपने मुळातच नव्हती, म्हणून त्या मला अजून पुऱ्या ऐकू येतात की काय, कोण जाणे.

आमच्या मळ्यातल्या घराच्या उंच छताच्या दिवाणखान्यात आवाज घुमतो. आईची जुनी गोधडी स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर टांगली, तेव्हा शब्द एकदम स्पष्ट झाले. तो फरक सौभाग्यवतीलाही स्वयंपाकघरातून कळला.

प्रश्न उरला भाच्याला सांगण्याचा. त्याच्या घामाचे चाळीस हजार! दोन महिने फोनवर मी "छान वाजते" एवढेच म्हणत राहिलो. शेवटी एकदा वीसपैकी अकराची सगळी हकीकत सांगून टाकली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुमचे कान थकले असतील. मला कळेल."

उत्तर चुकीचे नव्हते. त्याचे कान तिशीतले आहेत आणि माझ्या आलेखाची रेघ मी पाहिली आहे. यंदाच्या चवथीला तो येणार आहे. केबल अजून जोडलेलीच आहे. सौभाग्यवतीने चादर धुऊन ठेवली आहे, नवी वहीही आणली आहे.