दाराची साखळी

गेल्या दिवाळीत नातवाने माझ्या हाती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ठेवली. मॅक्स ब्रुक्स यांची 'वर्ल्ड वॉर झी', २००६ साली निघालेली.

"आजोबा, झोंबींची आहे. रात्री वाचू नका!"

मला हसू आले. मेलेली माणसे उठतात, जित्यांना चावतात आणि चावलेलेही मरून त्यांच्याच फौजेत सामील होतात! असली भुताटकी चिवड्याच्या बशीबरोबर संपवून टाकू, असा माझा हिशेब. पण बशी तशीच राहिली आणि पुस्तक हातचे सुटेना.

या कादंबरीला एक असा नायकच नाही. युद्ध सरल्यावर एक गृहस्थ देशोदेशी हिंडतो आणि तगलेल्यांच्या हकिकती टिपून घेतो. चीनमधल्या एका खेड्यात एक मुलगा आजारी पडतो. सरकार बातमी दाबते. अमेरिकेत एकजण कुचकामी लस विकून गब्बर होतो. गुजरातेतले अलंगही भेटते. तिथे मोडीत काढायला आणलेल्या जहाजांकडे जिवाच्या आकांताने माणसे लोटलेली असतात. वाचता वाचता ध्यानात आले, की ही प्रेते बिचारी सरळ! खुरडत येतात, पण कोणाला फसवीत नाहीत. धडकी भरते ती जित्यांचीच.

आणि एकदम मला २०२० चा एप्रिल आठवला. टाळेबंदीतली रात्र. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी दार वाजवले. मी साखळी न काढताच फटीतून पाहिले.

"यांना ताप आहे. थर्मामीटर असेल का हो?"

होता. कपाटातच होता. मी "नाही" म्हणालो आणि दार लावून घेतले.

ताप साधाच निघाला. वहिनींनी तो विषय पुन्हा काढला नाही. उलट त्या दिवाळीत न चुकता चकल्या पाठवल्या. मला मात्र त्या गोड लागल्या नाहीत.

पुस्तक मिटले तेव्हा पहाट झाली होती. घरात अभ्यंगस्नानाची धांदल उडाली होती. उजाडल्यावर मी फराळाचे ताट घेतले, कपाटातला थर्मामीटर घेतला आणि समोरचे दार वाजवले.

"वहिनी, त्या रात्री हा घरातच होता."

त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ठाऊक होतं, भाऊजी. आदल्या गणपतीत धाकट्याला ताप आला, तेव्हा तुम्हीच दिला होतात की! आत या, चहा टाकते."