पातेल्यातली चूक

फळ्यावरची चूक डस्टरने पुसता येते, वहीतली खोडरबराने खोडता येते. कादंबरीचे फसलेले प्रकरण तर सरळ फाडून टाकता येते. पातेल्यातली चूक मात्र पुसता येत नाही. वरणात मीठ जास्त पडले की पडले; ते चिमटीने वेचून काढणारा अजून जन्माला यायचा आहे!

हे मला बिअरने शिकवले, असे सांगितले तर किन्हीराजातले माझे विद्यार्थी डोळे विस्फारतील. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी बिअर कधी चाखलेली नाही. माझा पुतण्या अमेरिकेत पोर्टलंडला असतो आणि सुटीच्या दिवशी घरीच बिअर करतो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून हे करता येत नाही. तिकडे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि केंद्र सरकारने घरापुरती बिअर करायला मोकळीक दिली.

कायद्यातला हा फरक माझ्या थोरल्या भावाला पटत नाही. आमच्या एका चुलत्याची अडीच एकर काळी जमीन हातभट्टीपायी गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली आहे. ‘पोरगा दारू गाळतो’ एवढेच त्याच्या कानावर आले. बिअर गाळत नाहीत, आंबवतात, हे समजावायला गेलो तर म्हणाला, “एकच!” त्या दिवशी तो फोनवर लेकाला जे बोलला, ते बोलायला नको होते. तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद आहे. पोराचे निरोप येतात ते माझ्या मोबाइलवर.

त्या निरोपांतून मला हॉप कळले. हॉप ही एक वेल. तिच्या मादीवेलीला शंकूसारखी हिरवी फुले येतात. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवले की गोड पाणी सुटते. ते उकळताना त्यात ही फुले घालायची, मग निववून यीस्ट सोडायचे. हॉपने पेय टिकते हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या संन्यासिनीने लिहून ठेवले आहे. १५१६ साली बव्हेरियात तर बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, असा हुकूमच निघाला.

सारी गंमत वेळेची आहे. फुले उकळीच्या आरंभी घातली तर तासाभरात त्यांतली आम्ले पालटतात आणि कडूपणा पाण्यात उतरतो. सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात. तीच फुले शेवटच्या ५ मिनिटांत घातली तर वास राहतो, कडूपणा जेमतेम उतरतो. आपल्याकडे मेथीदाणे फोडणीत पडतात आणि कोथिंबीर भांडे उतरवताना. तिथे एकच फूल दोन्ही कामे करते.

एका रविवारी पुतण्याने वासासाठी ठेवलेली पुडीही पहिल्याच उकळीला ओतली. २० लिटर बिअर विषासारखी कडू होणार! “काका, साखर घालू का?” असा निरोप आला. बिअरमधले मला काय कळणार? मी उठून वहिनीकडे गेलो.

वहिनी चुलीपुढे होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आधी चाखून त पाह्यलं का त्यानं?”

प्रश्न साधा, पण त्यात फार शहाणपण होते. चूक झाली की माणूस आधी घाबरतो आणि घाबरून दुसरी चूक करतो. साखरेचेच पाहा. पुढे पुतण्याने चौकशी करून कळवले, की साखर घातली असती तर ती यीस्टने खाऊन टाकली असती. गोडी उरली नसती, उलट मद्यार्क वाढला असता. नुसते पाणी ओतले असते तर कडूपणाबरोबर बिअरही पातळ झाली असती. शिवाय नव्या बिअरमध्ये यीस्ट तरंगत असते तोवर ती उग्रच लागते. यीस्ट तळाला बसते तेव्हा थोडा कडूपणाही घेऊन बसते आणि उरलेला महिन्यामहिन्याने सौम्य होत जातो. तेव्हा पहिल्या आठवड्यात निकाल देऊ नये!

वहिनीचा दुसरा सल्ला असा : “झालेलं कडू काढता येत नाही, भाऊजी. दुसरं बिनकडू करावं अन् त्यात मिळवावं.” पुतण्याने तेच केले. अगदी थोडे हॉप घालून दुसरा घाणा काढला. दोन्ही आंबून निवळल्यावर आधी पेल्यात निम्मेनिम्म, मग एकास दोन, असे मिसळून चाखले. जे प्रमाण जिभेला पटले तेच साऱ्याला लावले. गेलेल्या वासासाठी थंड बिअरमध्ये मूठभर ताजी फुले टाकली. उकळी नसली की ती फारसा कडूपणा देत नाहीत. याच्या उलट, कडूपणाची पुडी घालायचीच राहिली तर फुले थोड्या पाण्यात निराळी उकळून तो काढा मागाहून ओततात, हेही त्याने मला कळवले. त्याच्या पहिल्या बेतासारखी ही बिअर झाली नाही. पण मोरीत ओतावी लागली नाही.

फोनवर बोललेले शब्दही असेच पातेल्यात पडलेले असतात. ते मागे घेतले असे म्हणण्याची पद्धत आहे; प्रत्यक्षात कोणी घेऊ शकत नाही. त्यांच्यावर साखर पेरूनही भागत नाही. दुसरे काही धीराने शिजवावे लागते, आणि ते पहिल्याहून कमी नसावे लागते.

वहिनीने यंदा पोर्टलंडला पाठवायला मेथीचे लाडू केले. मेथीचे पीठ आठ दिवस तुपात भिजत ठेवले होते, कडूपणा मुरावा म्हणून. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “गूळ हात राखून नको घालू.” डबा त्याने स्वतः बांधला, सुतळीच्या दुहेरी गाठी मारून.

फोन मात्र त्याने अजून केलेला नाही.