गाडीचें दार आणि पावसाचें पाणी

अमेरिकेच्या वायव्येस ऑरेगन प्रांतांत हिवाळा आणि पावसाळा हातांत हात घालून येतात. अशा मुलखांत आमची १९५१ सालची शेव्हरोले पिक-अप उभी असते. या घडणीच्या गाड्या १९४७ पासून १९५५ च्या आरंभापर्यंत निघाल्या. आतां ती कन्येनें रोज कामावर न्यावयाची असें ठरलें, तेव्हां पायाखालचें जाजम उचलून पाहिलें. खालीं पाणी! पत्रा शाबूत होता, पण कडेला तांबूस होऊं लागला होता. तो कुजला म्हणजे कापून नवा सांधावा लागतो, आणि तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा.

दोष दाराभोंवतालच्या रबरी पट्टीचा होता. चार्लस गुडइयर यांना १८३९ सालीं गंधकाच्या योगानें रबर पक्कें करण्याची युक्ति सांपडली. तेव्हांपासून रबर म्हणजे चिवट अशी आपली समजूत आहे. परंतु ताणलेल्या नैसर्गिक रबराला हवेंतील ओझोन वायु बारीक चिरा पाडतो आणि स्पंजासारखी मऊ पट्टी कालांतरानें बिस्किटासारखी ठिसूळ होते. हल्लीं ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर मिळतें. तें ओझोनला सहसा दाद देत नाहीं.

नवी पट्टी चिकटवणें तासाभराचें काम. जुनी खरवडून काढण्यांत मात्र दोन दिवस गेले. नव्या चुन्याचा हात देण्यापूर्वीं भिंत घासून घेणारी आमची वडील मंडळी शहाणीच म्हणावयाचीं. दार बिजागरीवर झुकलें असेल तर तेंहि आधींच सरळ करावें. वांकड्या दाराला रबर काय करणार? पट्टी प्रथम चिकट्याशिवाय बसवून पाहावी. ती ओढून लावूं नये; ताणलेली पट्टी मागाहून आखडते आणि कोपऱ्यांत फट पडते. चिकटा पत्र्याला व पट्टीला दोन्हीकडे लावून थोडा सुकूं द्यावा, मग दाबावें.

नवी पट्टी लावल्यावर दार घट्ट होतें. तें आदळण्याचा मोह आवरावा. कागदाचा तुकडा मध्यें धरून दार मिटावें आणि कागद ओढावा. तो सहज निसटला तर तेथून पाणी येणार. फाटूं लागला तर रबर फाजील चेंगरतें आहे. मग खांबावरचा खटका किंचित् सरकवावा.

दाराच्या तळाशीं बारीक छिद्रें दिसलीं तेव्हां कन्या म्हणाली, "बाबा, हींहि बुजवूं ना?"

"नको ग! तींच तर दार वांचवतात."

खिडकीची कांच ज्या फटींतून खालीं उतरते, तेथून पाऊस दाराच्या पोकळींत थोडाफार जाणारच. तो याच छिद्रांवाटे बाहेर पडतो. तीं बुजलीं कीं दार आंतून गंजतें, आणि बाहेरून कोणाला पत्ताहि लागत नाहीं. पट्टीनें पाणी केबिनमध्यें येऊं देऊं नये, एवढीच तिची नोकरी. कन्येनें तार घालून छिद्रें मोकळीं केलीं. पालापाचोळ्याची काळी माती निघाली.

त्यानंतर दोन रात्री पाऊस झाला. जाजमाखालचा पत्रा कोरडा राहिला. फक्त खिडकीच्या पुढील त्रिकोणी झडपेच्या कोपऱ्यांतून एक थेंब ओघळला होता. तिचें रबर निराळ्या घडणीचें असतें. तें मागविलें आहे.