कडूदवणा

आधुनिक कवितेच्या तासाला सर व्हर्लेन आणि रँबोबद्दल सांगत होते. ते दोघे पॅरिसच्या कॅफेत बसून प्यायचे त्या हिरव्या ॲबसिंथपर्यंत गोष्ट आली, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, इथं मिळते का? कायद्यात बसते?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला एक कोकची बाटली आठवली.

पण आधी हे सांगते. ॲबसिंथ ज्या झुडपापासून करतात, ते आपल्या दवण्याच्याच कुळातलं. धारवाडच्या बाजारात गजऱ्यात ओवतात तोच दवणा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आकाशातून एक तारा पडतो आणि पाणी कडू होतं. त्या ताऱ्याचं नाव मराठी बायबलमध्ये 'कडूदवणा' आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये ॲबसिंथचाच शब्द! लहानपणी चर्चमध्ये ऐकलेला तो शब्द मला एकदम दारूच्या ग्लासात दिसला.

आता बाटली. नववीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला, आजीच्या माहेरी गेलो होतो. आजी आली नव्हती, तिला आता घाट झेपत नाही. निघताना मामांनी कोकच्या बाटलीत फेणी भरून दिली. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीत एकदा उतरवला की उराक, पुन्हा उतरवला की फेणी. आजी ती सर्दीत छातीला चोळते आणि नाताळच्या रात्री दोन घोट घेते, बस्स. घाट चढून आल्यावर नाक्यावर बस थांबली. बिल नाही, परवाना नाही, लेबल नाही. साहेबांनी बाटली रस्त्याच्या कडेला उपडी केली. थोडी माझ्या ओढणीवर उडाली. पप्पा दंड भरून गप्प बसले, आणि सगळ्या बसनं आमच्याकडे वळून पाहिलं.

साहेब चुकले असं मी म्हणत नाही. नियम होता. पण पुढे वाचलं तेव्हा राग आला. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कायद्याच्या वहीत ती 'देशी दारू'च राहिली, म्हणून गोव्याबाहेर विकायची सोय नव्हती. 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला वारशाचं पेय ठरवलं. म्हणजे आमची बाटली घाटाखाली वारसा होती आणि घाटावर चोरटा माल.

ॲबसिंथचंही असंच. 1905 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लानफ्रे नावाच्या मजुरानं गरोदर बायकोला आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो भरपूर वाईन आणि ब्रँडी प्यायला होता, ॲबसिंथचे फक्त दोन ग्लास. नाव मात्र ॲबसिंथचं झालं. 1908 मध्ये तिथं सार्वमत झालं, 1910 पासून बंदी. फ्रान्समध्ये 1915 ला. वाईनवाल्यांना ही बंदी हवीच होती. वाईनवर कुणी सार्वमत घेतलं नाही! स्वित्झर्लंडमधली बंदी उठायला 2005 उजाडलं. (दारूनं बुडालेली घरं मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत, त्यामुळे बंदी मागणाऱ्या बायकांना मी हसणार नाही. पण शिक्षा कुठल्या बाटलीला द्यायची, हे कोण ठरवतं?)

घरी पोचलो तर आजी दारातच. "हाडली गो?"

पप्पा चपला काढत राहिले. मीच म्हटलं, "नाही आजी, यंदा मामांकडची संपली होती."

ती जवळ आली, माझ्या ओढणीचं टोक उचलून नाकाशी धरलं. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडली नाही. ओढणी आज धुवू नकोस, एवढंच म्हणाली, आणि ती घेऊन आत गेली.