आईचा फोन
आईचा फोन हल्ली चालू व्हायलाच चार-पाच मिनिटं घ्यायचा. कुठलंही ॲप उघडा, नुसता पांढरा पडदा. "नवीनच घेऊ या ना," मी म्हटलं. "नको." विषय संपला!

मग रविवारी बसलोच. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर ३२ जीबीतली जेमतेम ३०० एमबी शिल्लक. इतकं भरलं की फोनला काही लिहायला मोकळा कोपरा शोधत बसावं लागतं, आणि मग सगळंच रखडतं. 'शुभ सकाळ'ची हजारो चित्रं उडवली, न लागणारी ॲप्स काढली. शेवटी एक फोल्डर उरला. तोही उडवणार, तोच आईने हात धरला.

"अरे, ते बाबांचं आहे."

बाबांचे व्हॉइस मेसेज. "येताना कोथिंबीर आणू का गं?" एवढंच. असले दोनेकशे...

लॅपटॉपवर उतरवून घेतले, पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत केली. फोनमधले मात्र तसेच ठेवले. आवाजाच्या छोट्या फायली त्या, जागा अशी कितीशी खाणार? रीस्टार्ट केला. आता मिनिटाच्या आत चालू होतो.

"बघ, नवीन कशाला हवा होता?" आई म्हणाली.

का नको होता, ते आत्ता कळलं. असो.