‘पुढे’ नावाचे बटण

एनसीसीची पोस्टिंग म्हणजे आराम, असा आमच्यात एक समज आहे. ज्यांचा असेल त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही बटालियनच्या ऑफिसात एक दिवस बसून बघावे. शाळा-कॉलेजांतून नवे कॅडेट्स येत असतात. प्रत्येकाचा फॉर्म, पालकांची संमती, मेडिकल, बँक खाते. मी कुंभकोणमला ॲडम ऑफिसर म्हणून आलो तेव्हा हे सगळे एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये चालायचे. ज्याला जो रकाना दिसेल तो त्याने भरायचा.

मी एनडीएत कॉम्प्युटर सायन्सवाला. पुढची वीस वर्षे की-बोर्डपेक्षा रेडिओ सेटच जास्त हाताळले, पण खाज जात नाही. संध्याकाळी बाहेर पडावे, रस्त्यावरच्या टपरीत पितळी डबऱ्यातली फिल्टर कॉफी घ्यावी आणि परत येऊन पायथन आणि क्यूटी घेऊन बसावे, असे दीड महिना चालले. त्यातून एक ‘विझार्ड’ तयार झाला.

विझार्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नवीन सॉफ्टवेअर टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत जाता, तीच खिडकी. मायक्रोसॉफ्टने १९९१ साली पब्लिशरमध्ये ‘पेज विझार्ड’ आणले आणि ते नाव रुळले. क्यूटीत त्याचा तयार साचा मिळतो, क्यूविझार्ड. एका पानावर एकच विषय, खाली ‘मागे’ आणि ‘पुढे’. फौजी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रायफल खोलणे-जोडणे आपण असेच शिकलो. मॅगझिन निघाल्याशिवाय पुढच्या भागाला हात नाही.

या साच्यात एक फार सोयीची गोष्ट आहे. रकान्याची नोंद करताना त्याच्या नावापुढे एक चांदणी टाकली की तो सक्तीचा होतो. तो भरेपर्यंत ‘पुढे’ हे बटण फिकटच राहते. मला ही चांदणी भयंकर आवडली. जन्मतारखेला लावली, मोबाइलला लावली, आडनावाला लावली, वडिलांच्या नावाला लावली.

मी साताऱ्याकडचा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आमची जन्मजात फाइलिंग सिस्टीम. तामिळनाडूत बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी, मग स्वतःचे नाव. सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवर रामानुजन यांचे घर आहे, तिथे मी दोनदा जाऊन आलो होतो. श्रीनिवास हे त्यांच्या वडिलांचे नाव, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. जग मात्र ‘रामानुजन’ला आडनाव समजून चालते. इतके पाहूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आमचे हेडक्लार्क तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेल्या घराण्यांपैकी. घरी मराठी बोलतात, कागदावर आद्याक्षर, नाव आणि शेवटी ‘राव’. विझार्ड पाहून ते एवढेच म्हणाले होते, “साहेब, आमचं आडनाव देवघरात आहे, कागदावर नाही.” मी हसलो आणि पुढच्या पानावर गेलो.

दुसऱ्या वर्षी ‘बी’ परीक्षेचा नॉमिनल रोल नोटीस बोर्डावर लावला. त्याच दुपारी एक कॅडेट आईला घेऊन आली. आई पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला. मुलगी ताठ सावधानमध्ये उभी. तिने रोलवरच्या एका ओळीवर बोट ठेवले. वडिलांच्या रकान्यात छापले होते ‘श्री’ आणि पुढे तिच्या आईचे नाव.

हेडक्लार्कांनी तमिळमधून उलगडून सांगितले. वडील लहानपणीच सोडून गेलेले. शाळेपासून मुलगी आईचेच आद्याक्षर लावते, मार्कशीटवरही तेच आहे. एंट्री करणाऱ्या सीनियर कॅडेटला तिने हे सांगितले होते. त्याने रकाना रिकामा ठेवून पाहिला, बटण उजळेना. मग त्याने आईचेच नाव दोन्हीकडे टाकले, एकदा आडनाव म्हणून, एकदा वडील म्हणून. ‘श्री’ माझ्या प्रोग्रॅमने आपणहून लावले.

आई तोंडाला पदर लावून हसली. मुलगी हसली नाही. तिला ‘सी’ करून चेन्नईच्या ओटीएला जायचे होते. एनसीसीच्या त्या एंट्रीत लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबी. पण प्रमाणपत्रावरचे नाव मार्कशीटशी जुळायला हवे.

त्या पोराला बोलावून विचारले, चूक कळली तेव्हा मागे का गेला नाहीस? तो म्हणाला, “सर, मागे गेलं की भरलेलं पुसलं जातं.” खरे होते. क्यूविझार्डमध्ये ‘मागे’ दाबले की ज्या पानावरून निघालो त्याचे रकाने मूळ स्थितीत जातात, ही त्याची ठरलेली वागणूक आहे. ती बंद करायला एक पर्याय आहे, तो मी वाचलाच नव्हता. म्हणजे पुढे जायला खोटे लिहायचे आणि मागे जायला सगळे परत टाइप करायचे. समोर रांगेत साठ पोरे उभी. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

सगळे रेकॉर्ड काढून बघितले. आडनावाच्या जागी १४ ठिकाणी नुसते टिंब, बाकी बहुतेक ठिकाणी वडिलांचे नाव. तीन रात्री बसून हेडक्लार्क आणि मी मार्कशीटशी एकेक नाव ताडले आणि रोल मुदतीआधी बदलून पाठवला.

विझार्डमध्ये आता आडनाव नाही. ‘दहावीच्या मार्कशीटवर आहे तसे नाव’ असा एकच रकाना. त्यानंतर वडील, आई की पालक हे आधी विचारतो आणि त्यावरून पुढचे पान ठरते. ‘मागे’ गेल्यावर काही पुसले जात नाही. शेवटच्या पानाआधी कच्ची प्रिंट निघते, कॅडेटने वाचून सही केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही.

पहिली प्रिंट त्या मुलीचीच काढली. तिने ती दोनदा वाचली, आईला वाचून दाखवली, आणि मग माझ्याकडे पेन मागितले.