नोंदीतील वर्ष

माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात एकोणिसाव्या शतकातील एका काव्यसंग्रहाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष मी एका सूचीवरून उतरवून घेतले होते. पुस्तक प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्याच वर्षाच्या आधारे या कवीचा एका समकालीनावरील प्रभावही मी मांडला. पदवी मिळून बरीच वर्षे लोटल्यावर एका विद्यार्थिनीने त्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठाची छायाप्रत समोर ठेवली. वर्ष सात वर्षांनी पुढचे होते. “सर, मग प्रभाव उलट दिशेचा मानायचा का?” एवढेच तिने विचारले.

त्यानंतर टॉमस वाइजचे प्रकरण मी निराळ्या नजरेने वाचले. इंग्लंडमधील ग्रंथसंग्राहकांत आणि सूचिकारांत वाइज अग्रगण्य मानला जाई. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची ‘रेडिंग, १८४७’ असा निर्देश असलेली पुस्तिका त्याने १९१८ च्या आपल्या सूचीत नोंदवली होती. ही सुनीते १८५० च्या संग्रहात प्रसिद्ध झाली. त्याआधीची आवृत्ती म्हणून संग्राहक या पुस्तिकेला मोठी किंमत मोजत. १९३४ मध्ये जॉन कार्टर व ग्रॅहम पोलार्ड यांनी अशा पुस्तिकांचा कागद आणि खिळे तपासले. या पुस्तिकेच्या कागदात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला. तसा कागद इंग्लंडात १८७४ पूर्वी वापरात नव्हता. या बनावटीमागे स्वतः वाइज होता आणि हॅरी बक्स्टन फोर्मन त्याचा साथीदार होता, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले.

माझी चूक बनावट नव्हती. तरी दोन्ही चुका टिकल्या त्या एकाच कारणाने: पुढच्याने नोंदीलाच पुरावा मानले. नंतरच्या अभ्यासकांनी ती पुस्तिका सूचीतून वगळली नाही. बनावट म्हणून तिची नोंद केली. ते मला अधिक मोलाचे वाटते. जुन्या सूच्या ग्रंथालयांत शिल्लक असतात. नव्या सूचीने चूक नुसती गाळली, तर जुनी सूची चाळणाऱ्याला आपल्याला नवाच शोध लागल्यासारखे वाटते.

आता माझे विद्यार्थी संदर्भसूचीत ‘प्रत्यक्ष पाहिले’ आणि ‘सूचीवरून’ असा भेद नोंदवतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील माझ्या प्रबंधाच्या प्रतीला मी शुद्धिपत्र जोडले. जुने वर्ष खोडले नाही. शेजारी नवे वर्ष आणि ते कसे कळले हे लिहिले. परिशिष्ट त्याने दुरुस्त झाले. त्या वर्षावर उभे केलेले प्रकरण मात्र शुद्धिपत्राने दुरुस्त होणारे नाही. ते मलाच पुन्हा लिहावे लागेल.